माझ्या नावाने केलेला फोन

प्रिय सगुणभाऊ,

पत्रास कारण, काडेपेटी.

तुम्ही गेलात त्याला दीड महिना झाला, आणि या दीड महिन्यात मला या माथ्यावर एकदाही वेळेवर चहा मिळालेला नाही. ही तक्रार मी केंद्राचा प्रमुख या नात्याने, संपूर्ण गांभीर्याने नोंदवत आहे. माणसाने मरावं, त्याला कोणाची हरकत नाही. पण कोरडी काडेपेटी कुठे ठेवली आहे ते न सांगता मरावं? जून लागला की इथे मीठ पाघळतं, पापडाची घडी घालता येते, नोंदवहीला मिशा फुटाव्यात तशी बुरशी फुटते. गॅसचा लायटर धुकं पाहिलं की दमेकऱ्यासारखा नुसता खोकत बसतो. अशा ठिकाणी रोज पहाटे तुमच्या हातात पहिल्याच घासणीला काडी पेटायची, आणि मी इतकी वर्षं समजत होतो की काड्या पेटतातच!

मंगळवारी मी शोधमोहीम काढली. तांदळाचा डबा पाहिला. औषधांची पेटी पाहिली. तापमापकांच्या त्या पांढऱ्या झडपांच्या पेटीतसुद्धा हात घातला. तुम्ही असता तर हातावर फटका मारला असता. शेवटी तुमच्या खाटेखालची पत्र्याची ट्रंक उरली. कोरगावला तुमच्या घरी वयनींना फोन करून परवानगी मागितली. त्या म्हणाल्या, "उघडा मरे! तेच्यात दोन सदरे आणि एक कानटोपी सोडून काय असतला?"

काडेपेटी होती. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकीत दुसरी, दुसरीत तिसरी. आणि तिच्याखाली, तितक्याच काळजीने गुंडाळलेला एक कागद होता. वर आपल्या केंद्राचं नाव, खाली माझी सही.

सगुणभाऊ, तो मेमो तुम्ही जपून ठेवलात?

त्या दिवशी चहा केला. प्यालो नाही. कागद मेजावर ठेवून समोर बसलो. चार वर्षं ज्या दुपारकडे पाठ करून मी बसलो होतो, ती दुपार तुम्ही ट्रंकेत घडी घालून ठेवली होती. त्या दुपारचा हिशेब तुम्ही जिवंत असताना करायला हवा होता. जमलं नाही. म्हणून हे पत्र.

* * *

तुम्ही निरीक्षक, मी अंदाजवाला. तुम्ही पेडण्याकडचे, कोरगावचे. मी डिचोलीकडचा, नार्व्याचा. नोकरीने दोघांनाही वाळपईच्या पलीकडच्या या डोंगरावर आणून बसवलं. तुमचं काम ठरल्या वेळी बाहेर जाऊन पाऊस, वारा, धुकं जे असेल ते मोजून लिहायचं. माझं काम आत बसून त्यावरून उद्याचं सांगायचं. म्हणजे भिजायचे तुम्ही आणि शहाणा ठरायचो मी.

माझ्या अंदाजाचं एक लाडकं वाक्य होतं, आठवतं? "काही ठिकाणी हलका ते मध्यम, तुरळक ठिकाणी जोरदार." या वाक्यावर माझा फार जीव. पाऊस पडला तरी ते खरं, नाही पडला तरी खरं. तुम्ही ते ऐकून एकदा म्हणाला होतात, "अच्युतबाब, ह्या वाक्याक छत्री लागना." मी हसलो होतो. टोमणा मला मारला आहे हे मला संध्याकाळी कळलं.

आणि तुमचा तो डबा! मी त्याची किती थट्टा केली!

उघड्या माथ्यावर सरकारमान्य पर्जन्यमापक. त्यात पडेल तोच पाऊस, बाकीचं नुसतं पाणी, असा नियम. तुम्ही मात्र खालच्या अंगाला, दगडी गडग्याच्या आडोशाला, खोबरेल तेलाचा रिकामा डबा पुरून ठेवला होता. तोंडाचं माप घेतलेलं, आतून फूटपट्टीच्या खुणा केलेल्या. वारा सोसाट्याचा असला की तुम्ही दोन्ही मोजायचात. मापकाचा आकडा नोंदवहीत शाईने. डब्याचा आकडा समासात, पेन्सिलने, बारीक.

"हे काय देवाला नैवेद्य?" मी विचारायचो.

"नाय," तुम्ही म्हणायचात. "देवाक ठाऊकच असता किती पडलो तो. ह्यो तुमका."

मी वरच्या कार्यालयातल्या मित्रांना डब्याचे किस्से रंगवून सांगायचो. आमच्याकडे दोन पाऊस पडतात, एक शाईचा आणि एक पेन्सिलीचा. लोक पोट धरून हसायचे. लोकांना हसवणं मला जमतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. लोक आपल्याला हसले तर मला काय होतं, हेही तुम्हाला ठाऊक होतं. दुर्दैवाने.

त्या दुपारच्या आदल्या पावसाळ्यात मी अतिवृष्टीचा इशारा दिला होता. शाळा बंद, बाजार ओस, आणि दिवसभर असं लख्ख ऊन की वाळपईत एकाने रस्त्यावर आमसुलं वाळत घातली आणि फोटो काढून मला पाठवला. खाली लिहिलं, "आपल्या इशाऱ्याबद्दल आभारी आहोत." तो फोटो महिनाभर फिरला. नार्व्याला देवळात गेलो तर भटजींनीसुद्धा तीर्थ देताना विचारलं, "एवढंच पडणार, की आणखी?"

तेव्हापासून मी ठरवलं होतं: इशारा द्यायचा तो शाईच्या आकड्यावर. पेन्सिलीच्या नाही.

* * *

चार वर्षांपूर्वीची ती आषाढातली दुपार. अडीचची नोंद.

वारा असा होता की केंद्राची कौलं दातांसारखी वाजत होती. मी आत संगणकासमोर. पडद्यावर आपल्या डोंगरावर एक फिकट हिरवा, म्हणजे किरकोळ पावसाचा, ठिपका, कोणाच्याही वाट्याला न जाणारा. मी नेहमीचं वाक्य टंकून ठेवलं होतं, तुमचा आकडा आला की पाठवायचं.

जनेलाच्या काचेवर थाप पडली. दार उघडायलाही वेळ नव्हता तुम्हाला. काचेपलीकडे तुमची कानटोपी, चष्म्यावर पाणी.

मी जनेलाची एक फळी उघडली. पाण्याचा सपकारा सरळ मेजावर.

"मापकात किती?" मी ओरडलो.

"अठ्ठावीस. पण तो आकडो धरू नकात! वारो पाऊस आडवो नेता, मापकाच्या तोंडात पडाकच नाय. गडग्यात तिप्पट असा."

"छपराचं पाणी पडलं असेल डब्यात."

"छप्पर सात पावलां लांब असा. मोजून बघा. भायर येवा!"

मी बाहेर आलो नाही.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली, सगुणभाऊ. पावलं फक्त सात होती. छत्री दाराशी होती. मी आलो नाही, कारण बाहेर येऊन डब्यात पाहिलं असतं तर मला ते खरं मानावं लागलं असतं.

तुम्ही आत आलात. अंगावरून पाण्याचे ओहोळ. तुम्ही बसला नाहीत.

"अच्युतबाब, पायथ्याच्या वाड्यातल्यो बायो व्हाळापलीकडे लावणीक गेल्यात. अकरा जाणी. सकाळी चढताना मी बघितलंय. ह्या पाण्याक खाली पोचाक दीड तास. चार वाजता त्यो साकवावरसून परत येतल्यो."

"त्यांना व्हाळाचं पाणी दिसेल की. डोळे आहेत त्यांना."

"खाली पाऊसच नाय! खाली सूर्य असा. व्हाळ अंगठ्याएवढो दिसता. वरचा पाणी सांगून येता काय?"

तुम्ही खरं बोलत होतात. डोंगरावर कोसळत असतं आणि पायथ्याला कोरडं असतं. पाणी गुपचूप निघतं आणि एकदम पोचतं. हे मला पुस्तकात वाचून ठाऊक होतं. तुम्ही तो व्हाळ उगमापासून साकवाच्या लहानशा पुलापर्यंत पायाने चालला होतात, हातात घड्याळ धरून.

मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तेलाच्या डब्यावर मी इशारा देणार नाही. गेल्या वर्षी आमसुलं वाळत घातली, या वर्षी पापड घालतील. लोक हसतात, सगुणभाऊ!"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की जणू मी काहीतरी फारच लहान वस्तू शोधत होतो आणि ती तुम्हाला दिसली.

"हसले तर हसांदेत," तुम्ही म्हणालात. "हसणारो मनीस जितो तरी असता."

आणि तुम्ही पुन्हा बाहेर गेलात.

* * *

केंद्राचा फोन माझ्या मेजावर, माझ्या पहाऱ्यात होता. आपल्या माथ्यावर मोबाईलला जागा एकच: वाऱ्याच्या यंत्राच्या खांबापाशी, कड्याच्या टोकाला असलेला तो काळा खडक. उन्हाळ्यात तिथे उभं राहून मी घरी गप्पा मारत असे. त्या दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे काय होतं ते यंत्राच्या कागदावर उमटलेलं आहे. मी अजून तो कागद पाहू शकत नाही.

मी तुम्हाला जनेलातून पाहत होतो. तुम्ही खांबाला एका हाताने कवटाळलं होतं. दुसरा हात कानाशी. धुकं यायचं, तुम्ही नाहीसे व्हायचात. धुकं फाटायचं, तुम्ही असायचात. एकदा धुकं फाटलं आणि तुम्ही दिसला नाहीत. मी उठून उभा राहिलो. मग दिसलात, खडकावर बसला होतात, फोन कानाला तसाच.

आणि मी काय केलं? मी धावत बाहेर गेलो? नाही. मी खाली बसलो आणि मेमो टंकला!

"वरिष्ठांची स्पष्ट सूचना डावलून अनधिकृतपणे..." माझी भाषा रागात फार शुद्ध होते. "तीन दिवसांच्या आत लेखी खुलासा सादर करावा." तीन वाजून पाच मिनिटांनी मी सही केली. वेळही घातली. आपल्या धंद्यात वेळ घालायची सवय असते ना! त्यामुळे आज त्या कागदावर स्पष्ट वाचता येतं: अकरा बायका साकवाच्या पलीकडे होत्या, एक माणूस कड्यावर लोंबकळत होता, आणि नेमक्या त्या मिनिटाला केंद्रप्रमुख काय करत होते.

तुम्ही आलात. मी कागद पुढे सरकवला. तुम्ही चष्मा पुसलात. सदराच ओला, तो कसला पुसला जातो! वाचलंत. एकदा. घडी घातलीत आणि सदऱ्याच्या बोल्सात ठेवलीत.

"आता चार वाजूक दीत," एवढंच म्हणालात.

तो पाऊण तास आपण दोघे त्या खोलीत बसलो होतो. तुम्ही खुर्चीवर, मी संगणकासमोर. मी मनात काय म्हणत होतो ठाऊक आहे? काही होऊ नये, असं म्हणत होतो. बायकांना काही होऊ नये म्हणून? तेही. पण खरं सांगतो, पाणी येऊच नये म्हणूनही. म्हणजे उद्या मला तुमच्याकडे बघून भुवई उंचावता येईल. माणूस किती हलका असू शकतो! काही ठिकाणी हलका ते मध्यम.

चार वाजून दहा मिनिटांनी केंद्राचा फोन वाजला. खाली वाड्यातल्या दुकानदाराचा.

"सायब, साकव गेलो! आख्खो गेलो! झाडां, धोंडे, सगळा घेवन पाणी इला!"

"बायका?" मी विचारलं.

"थांबा, बघतंय..." आणि फोन कटला.

पुढची वीस मिनिटं. तुम्ही उठलात आणि जनेलापाशी जाऊन उभे राहिलात, माझ्याकडे पाठ करून. तुमचे खांदे हलत होते. थंडीने की कशाने, मी विचारलं नाही. मी फोन लावत होतो, लागत नव्हता. टेबलावर मेमोची माझी प्रत होती. ती मी एका फाईलखाली सारली. कोणापासून लपवत होतो? खोलीत तुम्हीच तर होतात!

फोन आला. "अकरा जाणी घरात असत! साडेतीनाकच अलीकडे इल्यो, तुमचो फोन इलो म्हणान! सायबानू, तुमी देव मनीस!"

तुमचो फोन.

त्या क्षणी मी एकच वाक्य बोलायचं होतं: "फोन मी केला नाही, सगुणभाऊंनी केला." इतकं सोपं वाक्य. कर्ता, कर्म, क्रियापद. त्याऐवजी मी काय म्हणालो, तुम्ही ऐकलंत. "अहो, कर्तव्यच आहे आमचं."

तुम्ही वळलात. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. तुम्ही स्टोव्हकडे गेलात आणि दोन कप चहा केलात.

* * *

पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे. वाड्याच्या देवळासमोर मांडव, शाल, नारळ, झेंडूचा हार. शेवंतीबायने, म्हणजे त्या अकराजणींच्या म्होरकीने, तो हार माझ्या गळ्यात घातला. मी बोललोसुद्धा! विज्ञान, जबाबदारी, समाज, असे तीन मोठे शब्द मी वीस मिनिटं उलटसुलट फिरवले. तुम्ही शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून. सगळ्यांत जास्त टाळ्या तुम्ही वाजवल्यात.

मी त्या टाळ्यांचा अर्थ उपहास असा लावला. मी असतो तर तशाच वाजवल्या असत्या म्हणून.

मेमो मी कधी मागे घेतला नाही. खुलासाही कधी मागितला नाही. एकदा सही केलेला कागद विसरला गेला की तो विरघळतो, असा माझा समज. तुम्हीही कधी विषय काढला नाहीत. यासाठी मात्र मी तुमच्यावर रागावलो आहे, सगुणभाऊ. एकदा तरी शिवी द्यायची होतीत! एखाद्या संध्याकाळी, जेवताना, "अच्युतबाब, तुमी भित्रे" असं म्हणायला काय झालं होतं? तुम्ही मला माफ केलंत की मला मोजण्याच्या लायकीचं समजला नाहीत, हे मला कसं कळायचं? मोजून समासात लिहायचंत तरी, पेन्सिलने!

मंगळवारी ट्रंकेतला कागद उलटून पाहिला तर पाठीमागे तुमचं अक्षर होतं. तो खुलासा तुम्ही लिहिला होता. दिलात नाही फक्त.

"फोन मी केला. साहेबांनी नको सांगितलं होतं. चूक झाली. परत तशी वेळ आली तर परत ही चूक होईल, हे आधीच कळवून ठेवतो."

मी ते तीनदा वाचलं. मग गाडी काढली आणि डोंगर उतरलो.

* * *

शेवंतीबाय अंगणात तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, पेंढ्या बांधत होती. लावणीचे दिवस. मला पाहून उठली, पदर सावरला, "येवा सायबानू" म्हणाली. मी बसलो नाही. बसलो असतो तर बोललो नसतो.

"शेवंतीबाय," मी म्हणालो, "त्या दिवशीचा फोन माझा नव्हता. सगुणभाऊंचा होता. मी तर त्यांना अडवलं होतं. हार तुम्ही चुकीच्या गळ्यात घातला."

ती पुन्हा खाली बसली आणि पेंढी बांधू लागली.

"आमका ठाऊक असा," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"आमी पिशी काय? तुमी डिचोलेचे, पुस्तकासारखे बोलतास. फोनवर तो म्हणता, 'गे शेवंते, मी अच्युत सायब बोलतंय, व्हाळ येता, काम टाक आणि अलीकडे ये!' असो कोरगावचो अच्युत सायब खंयचो?"

मी उभाच. पायाखाली अंगण होतं की व्हाळ, कळेना.

"मग हार?"

"तोच सांगून गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच इलो, तापान फणफणलेलो. म्हणालो, 'सायबाक हार घाला. मोठो घाला.' मी म्हटलंय, 'कित्याक? हार तुका घालतंय.' तर म्हणता, 'माका हार घालून काय गावतला? मी काय इशारो देतलंय? इशारो तो देतलो. तेका लोक हसतले म्हणान भय वाटता. एकदा हार घाला, मगे पुढच्या वेळेक तो भिवचो नाय.'"

सगुणभाऊ!

त्यानंतरच्या चार पावसाळ्यांत मी किती इशारे दिले? कचरलो नाही एकदाही. दोनदा चुकले, लोक हसले, मीही हसलो. मला वाटायचं, मी अनुभवाने धीट झालो. सत्काराने माणसाला आत्मविश्वास येतो, असं मी कोणाला तरी उपदेश करतानाही सांगितलं आहे! तो धीर तुम्ही मला झेंडूच्या हारात ओवून गळ्यात घातला होतात, आणि मागच्या रांगेत उभे राहून तो नीट बसतो का ते बघत होतात. तुमच्या टाळ्यांत उपहास नव्हता. तुम्ही नोंद घेत होतात.

माझा चेहरा कसा झाला असेल कोण जाणे. शेवंतीबायने आतून पाण्याचा तांब्या आणून दिला. मग ती म्हणाली, "आता इलासच तर एक सांगतंय. रागावू नकात."

त्या दुपारी फोनवर ती तुमच्याशी भांडली होती म्हणे. एक कुणगा, भाताचा एक तुकडा, लावायचा राहिला होता. तरवा उपटून पेंढ्या बांधावर ठेवलेल्या. ते टाकून निघायचं? "तरवो वायट जातलो, कुणगो सुको रवतलो, कोण भरून देतलो? तुजो सायब?" असं ती ओरडली. आणि तुम्ही कड्यावर खांबाला लोंबकळत ओरडलात, "व्हय! सायबाचो शब्द असा! तुजो कुणगो सायब लावून देतलो, दर वर्सा!"

"बायो निघाल्यो त्या शब्दार," ती म्हणाली. "नायतर मी हलायचंय नाय. आणि तो दर वर्सा इलो. अर्धो दिस. चिखलात उतरायचो आणि म्हणायचो, 'सायबाक वेळ नाय, माका धाडलो.'"

तुमची ती आषाढातली एक दिवसाची रजा! अर्जावर कारण तुम्ही "घरगुती शेतीकाम" लिहायचात, आणि मी कुरकुरत मंजूर करायचो. कोरगावची शेती तुम्ही केव्हाच भावाला दिली होती, हे मला तुमच्या बाराव्याला कळलं. तेव्हाही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही.

"यंदा तो कुणगो मोकळो ठेवलंय," शेवंतीबाय म्हणाली. "दुसऱ्याक लावूक बरा वाटना."

* * *

काल मी वरच्या कार्यालयाला पत्र पाठवलं. मेमो मागे घेतला. त्या दिवशी इशारा कोणी दिला, कोणी नाकारला, हे नावानिशी लिहिलं. गेलेल्या माणसाचा मेमो मागे घेण्याची तरतूद नाही, असं उत्तर येईल. येऊ दे. तरतूद नसताना काय करायचं असतं ते तुम्ही शिकवून गेला आहात.

तुमचा खुलासा तुमच्याच अक्षरात केंद्राच्या फाईलला लावला आहे. "स्वीकारला" असा शेरा मारून.

आता एक वचन, आणि ते माझं लाडकं वाक्य नाही. त्यात तुरळक ठिकाणं नाहीत. वारा सुटला की मी सात पावलं चालून बाहेर जाईन. काय दिसतं ते स्वतः बघेन. खाली कोणी व्हाळापलीकडे असेल तर त्या खडकावर उभा राहून फोन करीन, आणि माझ्या स्वतःच्या आवाजात करीन. नवा निरीक्षक येईल, तो मला नको ते सांगेल, तेव्हा मी त्याला मेमो देणार नाही. निदान त्याच्याबरोबर भिजेन आधी.

आज सकाळची नोंद देऊन मी खाली उतरलो. रजेच्या अर्जावर "शेतीकाम" लिहिलं. पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि कुणग्यात पाय घातला. पहिल्या पावलालाच पिंढरीपर्यंत रुतलो. बांधावरून अकराजणी बघत होत्या आणि हसत होत्या. तोंडाला पदर लावण्याचेही कष्ट कोणी घेतले नाहीत. शेवंतीबाय ओरडली, "सायबानू, रोप लावतास की सही करतास? खोल दाबा!"

मी खोल दाबलं. ओळ वाकडी गेली. दुसरी कमी वाकडी गेली. दुपारपर्यंत कंबर माझी राहिली नव्हती, पण कुणगा भरला होता. हात धुताना शेवंतीबायने विचारलं, "सगुणभाऊन धाडल्यानी?"

"नाही," मी म्हणालो. "शब्द माझा होता."

तुमचा,
अच्युत